मास्तरांच्या तोंडातलं बटण

कामाच्या वेळी मास्तरांचं तोंड कधी रिकामं सापडायचं नाही. ओठांच्या उजव्या कोपऱ्यात चार टाचण्या, डाव्या कोपऱ्यात दोन, आणि मधल्या फटीतून काय ते "हं", "उंहूं" आणि "हात वर". एवढ्या भांडवलावर त्यांनी एकवीस वर्षं शर्ट शिवले, कोट शिवले. गिऱ्हाइकांची काही तक्रार नव्हती. बडबड न करणारा शिंपी मिळायला नशीब लागतं, असंच लोक म्हणायचे.

तक्रार होती ती ताईची. ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. दोघं एकाच घरात राहत, आणि ताई रोज सकाळी डब्याबरोबर तेच एक वाक्य बांधून द्यायची, "गिळशील एक दिवस टाचणी, मग मला सांगू नकोस!" आता टाचणी गिळलेला माणूस कुणाला काय सांगणार? पण थोरल्या बहिणीला असले प्रश्न विचारायचे नसतात.

मास्तरांना आजार दोन होते. पहिला स्किझोफ्रेनिया. चोविसाव्या वर्षी एक आवाज त्यांच्या कानाशी येऊन बसला तो बसलाच. करडा, खाकरणारा आवाज. "चुकलं. पुन्हा चुकलं. सगळे बघताहेत." मास्तरांनी त्याचं नाव ठेवलं इन्स्पेक्टर. सुरुवातीला तो इतका गरजायचा की मास्तरांनी दुकान बंद केलं, खिडक्यांना पडदे लावले आणि दोन वर्षं कोपरा धरून बसले. पुढे औषधं लागू पडली, आणि ताईने त्यांना बखोट धरून पुनर्वसन केंद्रात नेलं. तिथल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात भलीमोठी कात्री दिली आणि म्हणाल्या, "हे कापड कापून द्या, मला स्वयंपाकाकडे बघायचंय." एवढं बोलून निघूनही गेल्या! शेजाऱ्यांनी ज्या माणसाला बटाटा सोलायची सुरी दिली नसती, तो माणूस त्या कात्रीकडे पाच मिनिटं बघत बसला. मग त्याने कापड अंथरलं.

तेव्हापासून केंद्राची शिवणखोली म्हणजे मास्तरांचं राज्य. इन्स्पेक्टर गेला नव्हता, पण आता तो भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याच्या रेडिओसारखा वाजायचा. फार झालं की मास्तर त्याला "गप रे बाबा" म्हणायचे. खोलीतले बाकीचे लोक मान वर करून बघायचेसुद्धा नाहीत. तिथे प्रत्येकाचं कुणाला ना कुणाला "गप रे" म्हणून झालेलं होतं.

दुसरा आजार मूत्रपिंडांचा. हा मात्र मुकाट्याने आला. मास्तरांचे पाय सुजले तेव्हा दवाखान्यात म्हणाले, मनाचं आहे. भूक गेली, तेही मनाचं. दम लागायला लागला, तर म्हणे औषधाची गोळी वाढवू. शेवटी ताई स्वतः जाऊन टेबलावर हात आपटून ओरडली, "मनाचं असतं तर चपला का घट्ट झाल्या असत्या?" तेव्हा कुठे रक्त तपासलं, आणि सगळ्यांची तोंडं उतरली. मूत्रपिंडं कामातून गेली होती. मग आठवड्यातून तीन दिवस मोठ्या इस्पितळात रक्त गाळणाऱ्या मशीनशेजारी चार-चार तास पडून राहायचं, आणि दुसऱ्या दिवशी पिळून काढलेल्या फडक्यासारखं घरी लोळायचं. राहिला एक दिवस. एका दिवसात काय शिवणार, कपाळ?

आणि अशा वेळी लॉंड्रीवाले काका केंद्राच्या दारात आले.

काकांची लॉंड्री केंद्राच्याच रस्त्यावर, कोपऱ्याला. त्यांच्याकडचा दुरुस्तीचा कारागीर काम सोडून गेला होता. मास्तरांनी घातलेली तुरपाई काकांनी उलटसुलट करून पाहिली होती, आणि त्यांना बाहेरून टाका दिसला नव्हता. "खिडकीतली जागा तुमची," काका म्हणाले. "उजेड आहे, मशीन आहे, पगार ठरलेला. पण रोज यायचं, रविवार सोडून. एक दिवसाआड माणूस मला परवडत नाही. गिऱ्हाईक काय एक दिवसाआड पँट घालतं?"

महिनाअखेरपर्यंत जागा राखतो, असं सांगून ते गेले. मास्तरांनी त्या संध्याकाळी घरी जाताना मुद्दाम वाट वाकडी केली आणि खिडकीपुढे उभे राहिले. आतलं मशीन पुसून ठेवलेलं होतं. केंद्रात शिवायचं ते बिनपगारी; स्वतःच्या कमाईचा पैसा हातात पडून बावीस-तेवीस वर्षं झाली होती त्यांना. ही खिडकी आपल्याला हवी आहे, असं ते मोठ्याने म्हणाले. इन्स्पेक्टर म्हणाला, "तुला? हॅं!"

वाट एकच होती. पोटाचं डायलिसिस. पोटात एक बारीक नळी बसवतात. तिला औषधी पाण्याची पिशवी जोडायची, पोटातलं जुनं पाणी काढायचं, नवं भरायचं, चिमटा बंद करायचा, पिशवी सोडवायची आणि नळीच्या तोंडावर नवं कोरं टोपण बसवायचं. अर्ध्या तासाचं काम, दिवसातून चारदा, आपल्या हाताने, कुठल्याही स्वच्छ खोलीत. मशीन नको, खाट नको. फक्त एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून सांभाळायची: ते टोपण आणि नळीचं तोंड कशालाही लागता कामा नये. लागलं, की जंतू सरळ पोटात.

मास्तरांना नळी बसवून झाली होती. आता शिकवणाऱ्या सिस्टरपुढे सगळं बिनचूक करून दाखवायचं होतं. सिस्टर म्हणजे कडक इस्त्री! सराव करायला तिच्याकडे नळी शिवलेला एक रबरी ॲप्रन होता. पहिल्या दिवशी मास्तरांनी आधी त्या ॲप्रनची शिवण पाहिली, नाक मुरडलं आणि ती उसवून पुन्हा घालून दिली. मग शिकायला बसले. हात असे धुतले की सिस्टर बघत राहिली. पिशवी दाबून पाहिली, तारीख वाचली, पाणी उजेडाला धरलं. अस्तराचं कापड पारखावं तसं! सगळं सुतासारखं सरळ चाललं होतं. शेवटी दोन्ही हातांत नळी आणि चिमटा होता, आणि टोपण धरायला तिसरा हात नव्हता.

मास्तरांनी टोपण ओठांत धरलं.

"अहो!" सिस्टर अशी किंचाळली की शेजारच्या खोलीतून दोघं जण धावत आले.

दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी तोंडाला मास्क बांधला, तर टोपण मास्कवर जाऊन टेकलं. मास्तर स्वतःच घाबरले. आपला हात आपल्याला न विचारता वर जातो, हे त्यांना कळतच नव्हतं. आणि प्रत्येक वेळी हात वर गेला की इन्स्पेक्टर खाकरायचा, "चुकलं."

"त्यानेच करायला लावलं असेल," मास्तर पुटपुटले. बोलले ते बोलले, आणि सिस्टरने ते कागदावर लिहिलं.

मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी तो कागद वाचला. डॉक्टर मनाने चांगले, पण कायम घाईत. कोटाचं वरून दुसरं बटण आठ महिन्यांपूर्वी तुटलं होतं, तिथे ते सेफ्टी पिन लावून फिरायचे. मशीनशेजारी पडल्या पडल्या त्या पिनेकडे बघून मास्तरांच्या हाताला खाज सुटायची. डॉक्टर म्हणाले, "आवाज सांगतो म्हणून टोपण तोंडात जात असेल तर घरी करणं धोक्याचं आहे. मनाच्या डॉक्टरांना विचारून डोस वाढवू. एक शेवटची परीक्षा, पुढच्या आठवड्यात गुरुवारी दहाला, माझ्यासमोर. नाही जमलं तर मशीनच बरं."

डोस वाढला की काय होतं ते मास्तरांना ठाऊक होतं. बोटं जाड होतात, सुईत दोरा जात नाही, दुपारी मशीनवरच डोकं टेकतं. म्हणजे परीक्षेत नापास झालं तर खिडकी गेली, आणि पास व्हायला डोस वाढवला तरी खिडकी गेलीच. ताईला हे सांगितलं. तिचं पोळपाट-लाटणं जरा जास्तच वाजलं.

शुक्रवारी सिस्टर स्वतः केंद्रात आली. मॅडमना समजावून सांगायचं होतं तिला, की फार आशा धरू नका. येताना सैल झालेला नवा युनिफॉर्मही घेऊन आली. जाता जाता काम होऊन जाईल म्हणून. हे बायकांचं बरं असतं, वाईट बातमीला निघाल्या तरी पिशवी रिकामी नेत नाहीत.

मास्तरांनी तिला स्टुलावर उभं केलं. सिस्टरने त्यांना इस्पितळातच पाहिलं होतं, अंग चोरून बसलेलं. इथे भलताच माणूस होता. "हात वर." टेप सरकला. "हं." टाचणी लागली. "वळा." कडक इस्त्री मुकाट्याने वळली. मास्तरांच्या एका हातात युनिफॉर्मची कड होती, दुसऱ्यात टेप. खडू धरायला हात नव्हता. खडू ओठांत गेला.

सिस्टर स्टुलावर जागच्या जागी थिजली.

"मास्तर," ती हळूच म्हणाली, "हा दोरा धरता जरा?" आणि रीळ पुढे केलं. दोन्ही हात भरलेले. रीळ ओठांत गेलं. तिने मॅडमना खूण केली. मॅडमनी घडी घातलेला कागद पुढे केला. तोही गेला ओठांत! मास्तर आपले टाचण्या, खडू, रीळ आणि कागद असा सगळा बाजार तोंडात धरून निर्विकारपणे कड दुमडत होते.

"अहो, हा आजार नाही!" सिस्टर स्टुलावरूनच ओरडली. "हा शिंपीपणा आहे!"

शिवणखोली फुटली हसून. मॅडम भिंतीला टेकून डोळे पुसत होत्या. मास्तरांना आधी काही समजेना. मग त्यांनी एकेक वस्तू तोंडातून काढून टेबलावर ठेवली, त्या ढिगाकडे बघितलं, आणि त्यांनाही हसू आवरेना. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. कारण इतक्या वर्षांत त्यांच्या चुकीला कुणी पहिल्यांदाच वेगळं नाव दिलं होतं. पाय सुजले तर स्किझोफ्रेनिया, दम लागला तर स्किझोफ्रेनिया, टोपण तोंडात गेलं तर स्किझोफ्रेनिया. माणसाची साधी खोडसुद्धा त्याच्या नावावर राहू देत नाहीत लोक!

सिस्टर खाली उतरली आणि म्हणाली, "माझंही चुकलंच. मी कागदावर लिहायची घाई केली."

पण खोड सापडली म्हणून सुटते थोडीच? शनिवारी सराव केला, टोपण पुन्हा मास्कवर. सिस्टरने कपाळाला हात लावला. ताई घरी म्हणाली, "तीस वर्षं ओरडतेय मी! ऐकलं असतं तर ही वेळ आली असती का?" हे बोलून झाल्यावर तिलाच वाईट वाटलं, आणि डॉक्टरांनी मोजून मापून द्यायला सांगितलेला भावाचा अर्धा कप चहा तिने त्या दिवशी अर्ध्याच्या जरा वरच भरला.

तो चहा पिताना मास्तरांना सुचलं.

"ताई, तोंड रिकामं असतं म्हणून हात तिकडे जातो. टाचण्या भरलेल्या असल्या की मी आणखी काही कोंबतो ते जागा असेल तरच. जागाच नसली तर?"

सोमवारी ते इस्पितळात गेले ते खिशात एक बटण घेऊन. कोटाचं, पांढरं, चार भोकांचं. चांगलं दोन बोटांएवढं, गिळायचं म्हटलं तरी न गिळवणारं. उकळून घेतलेलं, आणि त्यात ओवलेला जाड दोरा कॉलरला पक्का बांधलेला. ही ताईची अट. मास्तरांनी बटण ओठांच्या मधोमध आडवं धरलं, वरून मास्क बांधला. सिस्टरने नियमांचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं. हात, नखं, अंगठ्या, पंखा, खिडकी, मांजर... सगळं होतं. मास्कच्या आत तोंडात काय असावं, यावर एक ओळ नव्हती.

"बसतंय नियमात," ती म्हणाली. "करा सुरू."

चार वेळा केलं, चारही वेळा टोपण हातातच राहिलं. शिवाय आणखी एक गंमत झाली. तोंडाला कुलूप लागल्यामुळे इन्स्पेक्टरला उत्तर देता येईना. आणि उत्तर मिळेना तसा तोही कंटाळून मधूनमधून गप्प बसायला लागला. बुधवारपर्यंत वीस वेळा झालं. एकदाही चूक नाही.

गुरुवारी दहाला डॉक्टर आले. घाईतच. कोटाला तीच सेफ्टी पिन. मॅडम दाराशी उभ्या, ताई बाहेरच्या बाकावर पर्स घट्ट धरून. मास्तरांनी खिडकी लावली, पंखा बंद केला, हात धुतले. आज रबरी ॲप्रन नव्हता, आज स्वतःचं पोट होतं.

"टोपण खाली पडलं तर काय कराल?" डॉक्टरांनी मध्येच विचारलं.

मास्तरांनी कचऱ्याच्या डब्याकडे बोट केलं.

"बोलून सांगा ना."

"त्यांना बोलता येणार नाही," सिस्टर म्हणाली. "तोंडात बटण आहे."

"काय आहे?"

"बटण. नियमात बसतं. मी बघितलंय." आणि तिने डॉक्टरांकडे असं काही पाहिलं की डॉक्टरांनी पुढचा प्रश्न गिळला.

जुनं पाणी निघालं, स्वच्छ, फिकट पिवळं. नवं भरलं. चिमटा लागला. पिशवी सुटली. राहिलं फक्त टोपण. मास्तरांनी ते उचललं, डाव्या हातातल्या नळीकडे नेलं, आणि इन्स्पेक्टर खाकरला.

"लागलं. बाहीला लागलं."

मास्तरांचा हात थांबला. टोपण बाहीपासून जेमतेम बोटभर अंतरावर होतं. लागलं होतं का? डोळ्यांनी पकडलं नव्हतं. इन्स्पेक्टर आयुष्यभर खोटं बोलत आला होता. केंद्रात शिकवलं होतं, शंका आली की शेजारच्या विश्वासाच्या माणसाला विचारायचं. पण तोंडात बटण, आणि समोर परीक्षा. हे टोपण लावलं की झालंच, पास. टाकलं, की डॉक्टर म्हणणार, बघा, हवेतलं ऐकून वागला. मास्तरांना लॉंड्रीची खिडकी लख्ख दिसली.

त्यांनी टोपण डब्यात टाकलं. दुसऱ्या टोपणाचं पाकीट त्यांनी आधीच उघडून ठेवलं होतं; शिंपी दोरा ओवलेली एक जादा सुई टोचून ठेवतो, तसं. ते नवं टोपण अलगद बसवलं, फिरवलं, आणि हात बाजूला घेतले.

"पहिलं का टाकलंत?" डॉक्टर म्हणाले.

मास्तरांनी मास्क काढला, बटण काढलं. "बाहीला लागलं असं वाटलं."

"मी समोर होतो. लागलं नव्हतं." डॉक्टर पुढे वाकले. "कुणी सांगितलं, लागलं म्हणून?"

आता खोटं बोलणं किती सोपं होतं! सिस्टर मान हलवून नाही नाही म्हणत होती. मास्तर म्हणाले, "इन्स्पेक्टरने. म्हणजे आवाजाने."

सिस्टरने डोळे मिटले.

"पण त्याचं ऐकून टाकलं नाही, डॉक्टर," मास्तर घाईने म्हणाले. इतकं लांब ते महिन्याभरात बोलले नव्हते. "त्याचं ऐकायचं असतं तर मी आज आलोच नसतो. सकाळपासून सांगतोय, जाऊ नकोस. मला स्वतःला दिसलं नाही, लागलं की नाही, म्हणून टाकलं. टाका चुकला अशी शंका आली आणि खात्री करता आली नाही, तर मी उसवतो. मग तो टाका बरोबर होता असं कळलं तरी वाईट वाटत नाही. बोटभर दोराच गेलेला असतो. इथे एक टोपण गेलं."

डॉक्टर पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसले.

"माझ्याकडे येणारे मोठमोठे हुशार लोक," ते म्हणाले, "टोपण खरोखर लागलेलं असतं ना, तरी म्हणतात, जाऊ दे, कोण बघतंय. आणि आठवड्याने पोट धरून तापाने फणफणत येतात." त्यांनी कागद ओढला, 'डोस वाढवणे' ही ओळ खोडली, खाली सही केली. "घरी करा. कामावर करा. कुठेही करा. मला दर महिन्याला येऊन दाखवा म्हणजे झालं."

बाहेर ताईने कागद उलटसुलट तीनदा वाचला. मग भावाच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तिथेच बाकावर बसून ढसाढसा रडली. मॅडम तिला म्हणाल्या, "अहो, पास झालेत ते!" ताई म्हणाली, "म्हणूनच रडतेय! नापास झाला असता तर मी भांडले असते."

पुढच्या महिन्याच्या एक तारखेला मास्तर खिडकीत बसले. काकांनी इस्त्रीखोलीमागची छोटी खोली दुपारच्या पिशवीसाठी धुऊनपुसून दिली होती, दारावर पाटी होती: 'आत मास्तर आहेत, दार वाजवू नये'. पाटी बघून इन्स्पेक्टरसुद्धा जरा दबकला असावा. दुसऱ्याच आठवड्यात सिस्टर आपला युनिफॉर्म घेऊन रांगेत उभी राहिली, आणि तिच्यापुढे कोण? डॉक्टर. हातात तो कोट, सेफ्टी पिनेसकट.

"हे बटण एवढं लावून द्या," डॉक्टर म्हणाले. "घाईत आहे."

मास्तरांनी बटणांचा डबा उपसला. काळी, तपकिरी, शर्टाची बारीक. कोटाच्या मापाचं पांढरं एकही नव्हतं. मग त्यांनी खिशात हात घातला. पांढरं, चार भोकांचं. आता त्याच्यावाचून अडणार नव्हतं. पिशवीच्या वेळी तोंडात धरायला डब्यातलं एखादं मोठं काळं बटण उकळून घेता येणार होतं. हे मात्र डॉक्टरांच्या कोटाला मापात चपखल बसलं. मास्तरांनी ते उकळत्या पाण्यात बुडवलं, पुसलं, आणि असं पक्कं लावलं की कोट फाटला असता पण बटण हललं नसतं.

मागे उभ्या सिस्टरने ते ओळखलं. तिने ओठ दातांखाली घट्ट दाबले आणि छताकडे बघायला लागली.

"अरे वा!" डॉक्टरांनी कोट अंगात चढवला, बटण लावलं, सोडलं, पुन्हा लावलं. "अगदी जुळतं मिळालं की! कुठे सापडलं हो?"

मास्तरांच्या ओठांत सहा टाचण्या होत्या.

"हं," ते म्हणाले, आणि सिस्टरचा युनिफॉर्म हातात घेतला.